दारात कसं बसायचं

मी उठले.

इथून सुरुवात करता येत नाही. उठण्याआधी माणूस बसलेला असावा लागतो. म्हणून आधी बसते.

*

आमच्या गल्लीतली दारं बुटकी आहेत. जुन्या तुनिस शहरातली सगळीच घरं तशी, पण आमची जास्त. येणारा प्रत्येक जण वाकून आत येतो. उंच माणूस डोकं आपटू नये म्हणून वाकतो. ठेंगणाही वाकतो, आणि का ते त्याला सांगता येणार नाही. एक-दोनदा येऊन गेला की मान आपोआप खाली जाते. दाराला पडदा, पडद्यामागे खोली, खोलीत पलंग, नळ, ब्लीचची बाटली. दाराबाहेर खुर्ची. खुर्चीत मी, दलेंदा.

रीत अशी आहे. आम्ही हाका मारत नाही. माणूस चालत येतो, बघत बघत पुढे जातो. एखाद्या दारासमोर थांबला आणि थांबूनच राहिला, तर खुर्चीतली बाई उठते आणि पडदा सारून आत जाते. तो मागून येतो. बोलायचं ते आत. बाहेर एक शब्द नाही. उठली म्हणजे हो.

आणि नको असेल तर? नको असेल तर मांडीवरच्या वाडग्यात बघायचं आणि वाटाणे सोलत राहायचं. वाटाणे नसले तर मसूर निवडायचा. निवडलेलाच पुन्हा निवडायचा. तो समजतो, पुढे जातो. मांडीवरचा वाडगा ही आमच्या दाराची कडी. दुसरी कडी नाही.

उजवा पाय खाली दुमडून बसायची मला सवय आहे. त्याला मुंग्या यायच्या. आता मुंग्याही येत नाहीत, नुसता पाय असतो.

*

नोंद.

गल्लीतल्या प्रत्येक बाईचं नाव पोलिसांकडे नोंदलेलं असतं. नोंद आहे म्हणून डॉक्टर येतो, नोंद आहे म्हणून आम्हाला कुणी पकडत नाही. आणि नोंद आहे म्हणून शहराबाहेर जायचं तर चिठ्ठी लागते. चिठ्ठी पोलिसातला सी नौफल देतो; सी म्हणजे आमच्याकडचं 'राव'. दर गुरुवारी तो लेल्ला बेयाच्या दाराबाहेर टेबल टाकून बसतो आणि आम्ही एकेक करून त्याच्यासमोर उभ्या राहतो. तो आत कधी येत नाही. वर्दीतला माणूस आत येत नाही, हीसुद्धा रीतच.

लेल्ला बेया आमची मालकीण. पूर्वी तीही खुर्चीतच होती. आता तिच्या खुर्चीला गादी आहे, एवढाच फरक, असं तीच म्हणते.

माझी आई केफला, आमच्या गावी, वारली. सकाळी फोन आला. आमच्यात माती त्याच दिवशी देतात. चिठ्ठीवर सही झाली तोवर माती होऊन गेली होती. मग मी गेलेच नाही. ती चिठ्ठी बरेच दिवस उशीखाली होती.

पुढच्या गुरुवारी मी सी नौफलला म्हटलं, "माझं नाव काढायचंय."

"काढ की. कोण नको म्हणतंय?" त्याने वर बघितलं नाही. "दोन वाटा आहेत. लग्न कर. नाहीतर इज्जतीचं काम दाखव."

"शिवणकाम येतं मला."

"येतं म्हणून चालत नाही. कुणीतरी लिहून दिलं पाहिजे, की ही बाई माझ्याकडे कामाला आहे."

मी गल्लीच्या फाटकाबाहेरच्या शिंप्याकडे गेले. त्याच्याकडून मी वर्षानुवर्षं दोरे घेते.

"दोरे हवे तेवढे ने," तो म्हणाला. "सही मागू नकोस, बाई. उद्या घरात विचारतील, ही कोण म्हणून."

मला फार काही नको होतं. कुठल्याही मंगळवारी उठून, कुणाला न विचारता, केफला जायचं होतं. आईच्या कबरीवर पाणी शिंपडायचं आणि संध्याकाळी परत यायचं. परत इथेच आले असते तरी चाललं असतं. फक्त विचारायचं नव्हतं.

*

रमजानमध्ये गल्ली बंद असते. जिला जायला घर नाही ती लेल्ला बेयाकडे रोजा सोडते आणि टीव्हीवरची मालिका बघते. त्या वर्षीच्या मालिकेत आमच्यासारखी एक होती. तिच्या खोलीत लाल दिवा होता. ती खिडकीत उभी राहून सिगरेट ओढायची, रडायची, आणि मालिका संपत आली तेव्हा खोकून खोकून मेली. मरताना तिने देवाची माफी मागितली.

"लाल उजेडात ब्लीचचे डाग दिसत नसतील," नजेत म्हणाली. नजेत माझ्या शेजारच्या दाराची. आम्ही पोट धरून हसलो. मग मालिकेतली ती मेली तेव्हा सगळ्या रडलो. म्हणजे सगळ्या रडल्या. मी त्यांच्यात बसले होते.

लेल्ला बेया रुमाल शोधत म्हणाली, "पूर्वीच्या सिनेमात आगगाडीखाली जायच्या. आता खोकतात. स्वस्तात उरकतात मेले."

ईद झाली आणि तीच बाई गल्लीत आली. दिवसाढवळ्या, फाटकातून, पायात सपाता. सिवार तिचं नाव, नटी.

"अगं, तू मेलीस ना?" नजेत ओरडली.

"मेले. पण दुसरं काम मिळालं."

ती मला तेव्हाच आवडली.

तिच्याबरोबर इनेस होती. इनेस नाटकं बसवते. बारीक कापलेले केस, खांद्याला कापडी पिशवी, पॅरिसहून शिकून आलेली. लेल्ला बेयाने दोघींना पुदिन्याचा चहा दिला आणि त्या तो पितात का हे नीट बघितलं. आमच्या कपाला तोंड लावताना पुष्कळ जणांना तहान नसते. दोघी प्यायल्या. इनेसने तळाची साखरसुद्धा बोटाने काढली.

मग तिने पिशवीतून जुनी पोस्टकार्डं काढली. फ्रेंचांच्या वेळची. उघड्या अंगाच्या पोरी, कानात मोठाली कडी, आणि प्रत्येकीजवळ पाण्याचा घडा. खाली छापलेलं, मूर सुंदरी. मूर म्हणजे आम्ही.

"ही चित्रं बोटीबोटीने तिकडे गेली," इनेस म्हणाली. "ती पाहून लोकांनी ठरवलं की इथल्या बायका अशा असतात. मग सिनेमाने ठरवलं. मग मालिकेने. प्रत्येकाने ठरवलं."

"घडा कशाला पण?" नजेतने विचारलं. "फोटो काढायच्या खोलीत विहीर होती?"

"विकत मिळायचे घडे. फोटोवाल्याकडे एकच असायचा, तोच सगळ्याजणींना."

लेल्ला बेयाने एक कार्ड डोळ्यांपाशी नेलं. "हिला फार वेळ बसवलंय. पाय बघ. मेलाय पाय हिचा."

"तेव्हा फोटोला हलायचं नसायचं," इनेस म्हणाली.

कार्ड एका हातातून दुसऱ्या हातात फिरलं. माझ्याकडे आलं तेव्हा मी पोरीचं तोंड बघितलं. ती कंटाळली होती. एवढंच होतं तिच्या तोंडावर.

इनेसने नाटक समजावून सांगितलं. पाच दारं. पाच दारांत पाच बाया. प्रेक्षकांना खुर्च्या नाहीत. त्यांनी दारांमधून हिंडायचं, जसं गल्लीत हिंडतात. "चार नट्या असतील. पाचवी खरी हवी. तुमच्यातली. जिला यावंसं वाटेल ती."

 फाटकापाशी कुणीतरी बादली ओतली.

"लिहून देणार का?" मी विचारलं.

"काय?"

"की मी कामाला आहे म्हणून."

"अर्थात. करार असतो, शिक्का असतो."

"मग मी येते."

*

इनेसने आधी माझं बोलणं यंत्रात घेतलं. प्रश्न तिचे होते. ते तिने नंतर कापून टाकले. उरलं ते असं.

हो.

केफ.

नाही, फसवून नाही कुणी आणलं. बसने आले.

काय वाटतं म्हणजे?

ब्लीचचा वास. सुट्टीच्या दिवशी तो नसला की काहीतरी विसरल्यासारखं होतं.

तोंडं नाही लक्षात राहत. बूट राहतात. कोण किती वाकतं ते राहतं.

क्रांती झाली त्या वर्षी ना? जमाव आला होता, हो. बाटल्या घेऊन, गल्ली पेटवायला. शेजारचा खाटीक आणि न्हावी आडवे उभे राहिले. मग फाटक बसवलं. हिरव्या रंगाचं.

देवाला कशाला मध्ये आणता?

रडू? आत्ता?

नाही येत.

पाणी चालेल.

*

शुक्रवारी गल्ली बंद, म्हणून तालमी शुक्रवारी. जागा म्हणजे एक बंद पडलेलं सिनेमागृह. पडदा फाटलेला होता, खुर्च्या काढून नेलेल्या. याच पडद्यावर लेल्ला बेयाने त्या आगगाडीखाली जाणाऱ्या बघितल्या असतील.

सिवार पहिल्या दिवशी मालिकेसारखीच बसली. पाय लांब, एक खांदा उतरलेला, ओठ अर्धे उघडे.

"अशी बसलीस तर जेवणाच्या आत कंबर धरेल," मी म्हटलं.

"मग कशी बसू, सांग."

मी दाखवलं. तिने उजवा पाय खाली घेतला. थोड्या वेळाने म्हणाली, "पाय गेला गं माझा."

"आता बरोबर."

"आणि तोंड? तोंडावर काय आणायचं?"

"तोंडावर काही येत नाही. मला तरी."

सिवारने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि तिच्या तोंडावरचं सगळं एकेक करून काढून ठेवलं, जसे कानातले काढतात. माझ्यासमोर माझंच तोंड आलं. इतकं लवकर जमेल असं मला वाटलं नव्हतं.

इनेसला मात्र ते नको होतं. ती मला म्हणायची, "हनुवटी वर, दलेंदा. तू बिचारी नाहीस. तू पापी नाहीस. तू काम करणारी बाई आहेस आणि हे दार तुझं आहे. राणीसारखी बस."

मी हनुवटी वर केली. छताला रंगवलेले तारे होते, ते तोवर दिसले नव्हते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरून मी वाडगा आणला होता, वाटाण्यांच्या शेंगांनी भरलेला. इनेसने तो माझ्या मांडीवरून उचलला.

"हा नको. बाई म्हटली की तिच्या हातात भाजी दिलीच पाहिजे का? पूर्वी घडा दिला, आता वाटाणे. मला मोकळे हात हवेत."

"मग हातांचं काय करू?"

"काही नाही. असू देत."

"आणि कुणी समोर थांबलं तर?"

"तर बघायचं त्याच्याकडे. तो लाजेल आणि पुढे जाईल. तू उठायचं नाहीस, एवढंच लक्षात ठेव. या नाटकात कुणीच उठत नाही."

वाडगा तिने माझ्या दाराच्या पडद्यामागे, सुताराच्या बादलीशेजारी ठेवला.

दारं उंच केली होती. सुतार गल्लीत येऊन माप घेऊन गेला होता, बुटकीच करणार होता. पण गर्दीत मागे उभ्या असलेल्यालाही दिसायला हवं, म्हणून इनेसने ती वाढवली. उंट जाईल एवढी. मी त्यातून चालत गेले की मला माझ्या डोक्यावरची रिकामी जागा जाणवायची.

*

करार घेऊन मी सी नौफलसमोर उभी राहिले. त्याने शिक्का उजेडात धरून बघितला.

"नाटक? तू?"

"हो, सी नौफल."

"काय करतेस नाटकात?"

"दारात बसते."

मागे उभ्या असलेल्या बाया हसल्या. तोही हसला.

"ते तर इथंही करतेस."

"तिथं खोटं खोटं."

"आणि ते खोटं आहे हे मी कसं ओळखायचं? वर साहेब विचारतील, नौफल, बाई दारात बसायची, आता दारातच बसते, मग नाव कशाला काढलं? काय सांगू?"

"येऊन बघा."

"अं?"

"नाटक शुक्रवारी आहे. दुपारी. येऊन बघा आणि तुम्हीच ठरवा. खोटं वाटलं तर लिहा. खरं वाटलं तर नका लिहू."

तो पेनचं टोपण चावत बसला. "बायकोला हौस आहे नाटकांची," शेवटी म्हणाला. "माझ्यामागे लागलेली असते, कुठं नेत नाही म्हणून."

"दोघं या."

"बघू. पण ऐक, मी बायकोबरोबर असेन. ओळख दाखवायची नाही."

"आम्ही कुणालाच दाखवत नाही, सी नौफल."

*

सूचना, शुक्रवारसाठी:

इनेस म्हणाली, उठू नकोस.

सिवार म्हणाली, हात थरथरले तर गुडघ्यांवर ठेव.

नजेत म्हणाली, माझी लाल ओढणी ने.

लेल्ला बेया म्हणाली, त्याच्या बायकोकडे बघू नकोस. त्याच्याकडेही बघू नकोस. बुटांकडे बघ.

*

लोक पुष्कळ आले. पोरंपोरी, परदेशी, गळ्यात पट्टे अडकवलेले पाहुणे, डोक्याला रुमाल बांधलेल्या दोन म्हाताऱ्या ज्या चुकून आल्या असाव्यात. दारासमोर येत, मान तिरकी करत, पुढे जात. इनेसचं खरं निघालं. मी बघितलं की ते लाजत होते. एक जण तर मला नमस्कार करून गेला. मला वाटलं, जमतंय. हनुवटी वर. हात मोकळे. उजवा पाय खाली, मेलेला.

मग तपकिरी बूट आले आणि थांबले.

ते बूट मी ओळखत नव्हते. गुरुवारी तो काळे घालतो. मी वर बघितलं, कारण बघायचं ठरलं होतं. तपकिरी कोट, नवीन दाढी केलेली, सी नौफल. दोन पावलं मागे बायको, हातात भोपळ्याच्या बियांची पुडी. ती सिवारच्या दारासमोर होती आणि बी फोडत होती.

तो बघत राहिला. त्याला ठरवायचं होतं, खरं का खोटं, म्हणून नीट बघत राहिला. पुढे गेला नाही. मी पण बघत राहिले. तो थांबलाच होता. माझे हात वाडगा शोधत मांडीवर गेले. मांडीवर काही नव्हतं.

मी उठले.

आता इथं आले. उठायचं असं मी ठरवलं नाही. कुणी उठवलंही नाही. पाय मेलेला होता तरी त्याने मला उभं केलं. मी वळले, पडदा सारला आणि आत गेले.

आणि तो मागून आला.

दार केवढं उंच होतं ते मी सांगितलं आहे. सी नौफल ठेंगणा आहे. दारात येताच त्याने मान खाली घातली, डावा खांदा आधी आत घेतला आणि वाकून आत आला.

मागे पडदा पडला.

आत खोली नव्हती. वायरी होत्या, सुताराची बादली होती, भिंतीला टेकवलेली शिडी. मी सवयीने पलंगाच्या बाजूला वळले होते. तिथे शिडी होती. तो अजून वाकलेलाच होता. मग त्याने वर बघितलं. डोक्यावर दाराची चौकट कितीतरी उंच. तो हळूहळू सरळ झाला.

"काय करतेस हे?" तो कुजबुजला.

"उठले."

"का?"

"तुम्ही थांबलात."

त्याचं तोंड मला आठवत नव्हतं. अजूनही नाही आठवत. वर्दीच्या आधी तो कधी, कुणाच्या दाराने आला असेल, माझ्या की नजेतच्या, मी मनात शोधून बघितलं. काही सापडलं नाही. पण मान शिकलेली होती. टेबलाशी बसून मान तशी शिकत नाही. त्याला कळलं की मी बघितलं. मला कळलं की त्याला कळलं. आम्ही दोघं वायरींमध्ये उभे होतो आणि मला राग येत नव्हता, हसू येत नव्हतं. बादली पालथी करून मी तिच्यावर बसले. वाडगा मांडीवर घेतला. एक शेंग फोडली.

तो समजला. बाहेर गेला.

बाहेर टाळ्या वाजल्या. खूप. पडद्याच्या फटीतून मला त्याची बायको दिसत होती. ती त्याच्याकडे बघत होती, बियांची पुडी छातीशी धरून.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही पण नाटकात होता?"

मी शेंग फोडायची थांबले.

"हो," सी नौफल म्हणाला. "त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं."

"आणि मला नाही सांगितलंत!"

"सांगितलं असतं तर मजा गेली असती."

"कसे गेलात पण अगदी! मला खरंच वाटलं की." ती मोठ्याने हसली, आणि शेजारच्या म्हातारीला म्हणाली, "आमचे हे. घरात तोंड उघडत नाहीत, आणि इथं बघा."

*

गुरुवारी त्याने मला शेवटी बोलावलं. बाकीच्या गेल्यावर. कागद आधीच भरलेला होता. नाव, आईचं नाव, गाव. पुढे एक रकाना रिकामा होता. तिथे त्याने माझ्यासमोर लिहिलं, अभिनेत्री. शिक्का मारला, दोनदा, पहिला पुसट उठला म्हणून.

"बायको अजून त्या नाटकाबद्दल बोलते," तो म्हणाला. "तुझं काम तिला फार आवडलं."

"त्यांना सांगा, तुमचंही चांगलं झालं."

त्याने शिक्क्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना.

"पुन्हा भेटू नको," तो म्हणाला. रागाने नाही. दुकान बंद करताना म्हणतात तसं.

*

इनेसने मला मिठी मारली. त्या उठण्यावरून ती वेडी झाली होती. "सगळ्या नाटकात तोच एक क्षण खरा होता, दलेंदा. रोज करायचा. तो माणूस कोण होता? त्याला शोधून काढ, त्यालाही घेऊ. तो वाकला बघितलंस? एवढ्या उंच दारात वाकला! हे सुचतं कुणाला?"

"तो येणार नाही."

मी तिला कागद दाखवला. तिने वाचला, मला पुन्हा मिठी मारली, आणि मग कागद हातात धरून जराशी बाजूला झाली.

"म्हणजे आता तुझी नोंद नाही."

"नाही."

"छान. फार छान झालं." तिने सिवारकडे बघितलं. सिवारने छताच्या ताऱ्यांकडे. "फक्त एक आहे. फ्रान्सला, मार्सेयला बोलावलंय आपल्याला. जाहिराती छापून झाल्या. चार अभिनेत्री आणि एक खरी."

"आता पाच अभिनेत्री झाल्या," सिवार म्हणाली.

"तू गप्प बस. दलेंदा, मी खोटं छापू शकत नाही. लोक ते बघायलाच येतात. तू मला समजून घे."

मी समजून घेतलं. त्यात अवघड काही नव्हतं. पाचवी खुर्ची नजेतला मिळाली. तिला मी दाखवलं, हनुवटी कशी वर, हात कसे मोकळे. ती म्हणाली, "वाटाणे नाहीत तर मग नको असेल तेव्हा काय करायचं?" मी म्हटलं, "तिथं कुणी थांबत नाही. थांबतो तो ठरवलेला असतो."

उठायचं काम सिवारला दिलं. वाकायला एक नट आणला, कमानीएवढा उंच. मी आता कपड्यांना इस्त्री करते आणि पडदा धरते. तालमीत मी बाजूने बघते. सिवार बसलेली असते, तोंडावर काही नसतं. नट येतो, थांबतो. तिचे हात मांडीवर काहीतरी शोधतात. सापडत नाही. ती उठते. इतकं बरोबर उठते की माझा पाय दुखायला लागतो. माझं झालं होतं ते इतकं चांगलं नव्हतं. मी जरा धडपडले होते.

नट मात्र चुकतो. तो आधी बघतो आणि मग वाकतो. मी काही सांगत नाही.

*

मंगळवार.

शेअर टॅक्सीच्या तळावर मी सकाळीच गेले. कुणाला विचारलं नाही. ड्रायव्हर ओरडत होता, "केफ, केफ, एकच सीट, केफ!" एकच असं तो प्रत्येकाला सांगतो, गाडी अर्धी रिकामी होती. भरेपर्यंत निघणार नव्हती. मी भिंतीलगतच्या बाकावर बसले. मांडीवर पाण्याची बाटली, कबरीवर शिंपडायला. तिथेही पाणी मिळतं, पण मी इथलं घेतलं होतं.

पर्समध्ये तो कागद होता. मला कुणी विचारलं नाही. तळावर दोन पोलीस होते, बन पाव खात उभे.

हनुवटी वर करून बघितली. मग खाली केली. कुणीच बघत नव्हतं, तेव्हा कशीही चालली असती. बाटलीचं बूच गळत होतं म्हणून ती काढून बाकावर उभी केली, शेजारी.

बूट आले. काळे, धुळीचे, शेतकऱ्याचे असावेत. माझ्यासमोर थांबले. थांबूनच राहिले.

मी उठले.

वळले, हात पुढे गेला पडद्याकडे. भिंत होती. चुन्याची, गार. तळव्याला चुना लागला.

"बसा, बसा ना बाई," मागून आवाज आला. "तुमच्या डोक्यावरची पाटी वाचत होतो. केफची गाडी हीच का?"

"हीच," मी म्हटलं.

मी बसले. बाटली उचलून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. पलीकडे ड्रायव्हर ओरडत होता, एकच सीट, एकच सीट, केफ.